लिंकनचे दोन ह्यू

इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या कॅथेड्रलमध्ये, क्वायरच्या, म्हणजे वेदीजवळ गाणारी मंडळी बसतात त्या भागाच्या, दक्षिण बाजूच्या अरुंद वाटेत, एक बाप आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीला भिंतीजवळचा फलक वाचून दाखवत होता. मी त्यांच्या मागेच उभी होते. ह्यू नावाचा एक लहान मुलगा होता, इथपर्यंत त्याचा आवाज छान मोकळा, गोष्ट सांगायच्या सुरातला. पुढच्या ओळीशी तो अडखळला. उरलेला मजकूर त्यानं मनातल्या मनात वाचला, मुलीचा हात धरला आणि म्हणाला, चल, आपण तो दगडातला सैतान शोधू. वर दोन कमानींच्या मधोमध एक पाय गुडघ्यावर टाकून बसलेला तो चिमुकला सैतान लिंकनच्या प्रत्येक मुलाला बघायचाच असतो. मुलगी आनंदानं गेली. त्या वयाच्या मुलीला पुढचं सांगायचं तरी कसं, म्हणून बापाला नावं ठेवावीशी मला वाटली नाहीत. पण अर्ध्यावर विझलेला तो आवाज पुढे कितीतरी दिवस कानात राहिला.

या एका छपराखाली दोन ह्यू आहेत. एक बिशप, बाराव्या शतकातला, रीतसर पोपनं संत म्हणून जाहीर केलेला. दुसरा आठ-नऊ वर्षांचा पोर, ज्याला पोपनं कधीच संत म्हटलं नाही, लोकांनी म्हटलं. मी लिंकनला जाते ती पहिल्या ह्यूसाठी. स्टेशनातून बाहेर पडलं की बाजार ओलांडून जो चढ लागतो त्याचं नावच स्टीप हिल. दगडी फरसबंदीवरून धापा टाकत वर यावं आणि टेकडीच्या माथ्यावर पिवळसर चुनखडीचा तो प्रचंड दर्शनी भाग एकदम अंगावर यावा. त्याच्या दोन टोकदार मनोऱ्यांपैकी एकावर बिशप ह्यू उभा आहे, आणि दुसऱ्यावर स्टो गावचा डुकरं राखणारा, तोंडाला शिंग लावून. बांधकामासाठी आपली आयुष्यभराची चिल्लर देणारा गरीब माणूस, अशी त्याची कथा. बिशप आणि डुकरं राखणारा सारख्याच उंचीवर, ही गोष्ट मला पहिल्या भेटीतच आवडून गेली.

ह्यूची माझी ओळख मात्र झाली हंसामुळे. ११८६च्या सप्टेंबरात तो लिंकनचा बिशप झाला, आणि त्याच दिवसांत लिंकनजवळच्या स्टो इथल्या त्याच्या वाड्याच्या तळ्यावर एक भलामोठा रानहंस उतरला. तळ्यावरच्या बाकी हंसांना त्यानं मारलं नाहीतर हाकललं. माणसाला जवळ येऊ देईना. ह्यूच्या हातून मात्र पाव खायचा, आणि त्याच्या अंगरख्याच्या रुंद बाहीत मान खुपसून तसाच राहायचा. बिशप झोपला की खाटेजवळ पहारा. कुणी जवळ आलं की पंख पसरून अंगावर जायचा. बिशप बाहेरगावी असला की हंस रानटीच, पण तो परतायच्या आधी दोन-तीन दिवस असा फडफडायचा, पाण्यावर पंख आपटायचा, की नोकरमंडळी म्हणायची, आवराआवर करा, मालक येतायत. हे सगळं गेराल्ड ऑफ वेल्स या त्या काळच्या लेखकानं लिहून ठेवलंय, ह्यूच्या हयातीतच. आणि त्यानं पक्ष्याचं वर्णन इतकं नीट केलंय, पिवळी चोच, चोचीवर नेहमीच्या हंसासारखा काळा गोळा नाही, की आजचे पक्षीनिरीक्षक सांगतात, हा उत्तरेकडून हिवाळ्यात येणारा हूपर हंस असणार. म्हणजे पक्षी खरा. तळं खरं. बाहीत मान घालणं? मला वाटतं तेही खरंच.

मी लहान असताना आजी रात्री पोथीतल्या गोष्टी सांगायची. नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावतायत, एकनाथ काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिती करतायत. हे घडलं का, असं आम्ही आजीला कधी विचारलं नाही. त्या गोष्टी ऐकून रात्री दारातल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायला आपण उठायचो, तेवढं पुरेसं होतं. त्यामुळे इतक्या लांबच्या, वेगळ्या धर्मातल्या बिशपाच्या बाहीतला हंस मला जराही परका वाटला नाही.

हा ह्यू मूळचा इंग्लंडचा नव्हेच. आल्प्सच्या पायथ्याशी अव्हालों नावाच्या गढीत, ११४०च्या सुमारास जन्मला. आई लहानपणीच गेली आणि बापानं त्याला मठात नेलं. पुढे त्याला ओढ लागली ती ग्रांद शार्त्रझची, म्हणजे डोंगरातल्या अबोल, एकेकट्या कोठड्यांत राहणाऱ्या कार्थुसियन साधूंची. तिथून त्याला खाली आणलं इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजानं. आपल्याच माणसांनी केलेल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या खुनानंतर प्रायश्चित्त म्हणून राजानं सॉमरसेटमध्ये विदम इथे मठ काढला होता, आणि तो काही उभा राहत नव्हता. ह्यू आला, पाहतो तो मठासाठी गावकऱ्यांना उठवायचं चाललंय. त्यानं सांगितलं, या माणसांना दुसरीकडे जमीन द्या, नाहीतर मोकळं करा, आणि घरांची शेवटची दमडी चुकती होईपर्यंत मी या मठाचा प्रमुख होणार नाही. राजानं पैसे मोजले. मग ह्यू म्हणाला, आता ही विकत घेतलेली घरं मला भेट द्या. राजानं तीही दिली, आणि ह्यूनं त्या घरांचं लाकूडसामान ज्याचं त्याला परत करून टाकलं. पुनर्वसनाच्या नुसत्या घोषणा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ही हकिकत वाचताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मठाला बायबल हवं होतं तेव्हा राजानं विंचेस्टरच्या साधूंनी नव्यानं तयार केलेली सुंदर प्रत त्यांच्याकडून घेऊन ह्यूला दिली. ती कुठून आली हे कळल्यावर ह्यूनं गुपचूप परत पाठवली.

राजांना तो भ्याला नाही, आणि गंमत म्हणजे राजे त्याच्यावर रागावून राहू शकले नाहीत. बिशप झाल्यावर त्यानं राजाच्या मुख्य वनाधिकाऱ्याला बहिष्कृत केलं, कारण जंगलच्या कायद्याखाली गरिबांवर होणारा जुलूम त्याला बघवत नव्हता. हेन्रीनं त्याला वुडस्टॉकला बोलावलं आणि दरबाऱ्यांना ताकीद दिली, कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, उठायचं नाही. सगळे झाडाखाली गोल करून गप्प. ह्यू राजाशेजारच्या माणसाला जरा सरकवून खाली बसला. राजाला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं सुईदोरा मागवला आणि दुखऱ्या बोटावरची कातडी पट्टी शिवत बसला. ह्यू थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आता तुम्ही अगदी फालेझच्या तुमच्या भाऊबंदांसारखे दिसताय. फालेझ म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचं गाव, आणि हेन्रीचा पणजोबा विल्यम हा तिथल्या चांभाराच्या मुलीचा, लग्नाबाहेरचा मुलगा, असं सगळे म्हणायचे. दरबाऱ्यांच्या अंगावर काटा. आणि राजा हसत हसत जमिनीवर लोळला. पुढे हेन्रीचा मुलगा रिचर्ड राजा झाल्यावर त्याच्या लढाईसाठी माणसं पुरवायला त्यानं भर सभेत नकार दिला, आणि मग नॉर्मंडीत जाऊन, तोंड फिरवून बसलेल्या त्याच राजाला अंगरखा धरून गदागदा हलवलं, मला चुंबन दे म्हणून. तेही मिळालं.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्याच्या क्वायरमध्ये. ११८५च्या भूकंपानं जुनं कॅथेड्रल फुटलं होतं. ह्यूनं ११९२मध्ये नवं बांधायला घेतलं, आणि खांद्यावरून दगड-चुना स्वतः वाहिला असं सांगतात. वर पाहिलं तर छताच्या धावत्या फासळ्या मधोमध एकमेकींना भेटतच नाहीत; एक अलीकडे चुकते, एक पलीकडे, आणि सगळं छत तिरकं चालल्यासारखं दिसतं. पण मला त्याहून आवडतात त्या खालच्या भिंतीवरच्या कमानी. भिंतीला लागून कमानींची एक रांग, आणि तिच्या पुढे वीतभर अंतरावर दुसरी, मुद्दाम अर्ध्या कमानीनं सरकवलेली. पुढचा काळा, गुळगुळीत खांब बरोबर मागच्या कमानीच्या पोटात येतो. उभं राहिलं की काही नाही. चालायला लागलं की दोन्ही रांगा एकमेकींवरून सरकतात, मागचं पुढे, पुढचं मागे, टाळ मृदंगाच्या अध्येमध्ये पडावेत तसं. बोट लावलं तर पुढचा खांब गार, जवळजवळ ओला वाटतो, आणि मागची चुनखडी कोरडी, किंचित खरखरीत. ज्याची बिशपगिरी जेमतेम आठ वर्षं उरली होती त्या माणसानं आपल्या कारागिरांना असलं काहीतरी करू दिलं.

तरीही ह्यूचं सगळंच मला गोड लागतं असं नाही. ११९१मध्ये गॉडस्टोच्या साध्वींच्या मठात तो गेला, तेव्हा वेदीसमोर रेशमानं झाकलेली, दिवे लावलेली एक कबर दिसली. चौकशी केली तर ती रोझमंडची, मेलेल्या हेन्री राजाच्या प्रेयसीची. ह्यूनं तिला वेश्या म्हणून चर्चबाहेर पुरायला लावलं. ज्या राजाबरोबर तो झाडाखाली हसला तो आपल्या जागी सुखात पडलेला, आणि बाई बाहेर. हे मला खुपतं, आणि त्याची समजूत घालायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. नॉर्मंडीतल्या फेकाँच्या मठातला प्रसंग वेगळ्याच तऱ्हेनं अस्वस्थ करतो. तिथे येशूची शिष्या मेरी मॅग्डालीन हिचा म्हणून जपलेला हात रेशमात शिवून ठेवला होता. ह्यूनं चाकूनं शिवण उसवली, हाड ओठांना लावलं, आणि आधी पुढच्या दातांनी, मग दाढांनी चावून दोन तुकडे मोडून घेतले. साधू ओरडले, कुत्र्यासारखा चावतोस! तो शांतपणे म्हणाला, आत्ताच मी पवित्र भाकरीच्या रूपानं प्रभूचं शरीर मुखात घेतलं, मग संतांच्या हाडांना का भ्यावं? हे लिहिणारा अॅडम, त्याचा सोबती साधू, तिथे उभा होता. ते तुकडे त्याच्याच हातात दिले गेले. श्रद्धेचं हे इतकं हाडामांसाचं रूप मला कळतं असं म्हणवत नाही. पण पाहून न पाहिल्यासारखंही करवत नाही.

आणि याच माणसाला चमत्कारांत रस नव्हता.

एका गावी पुजाऱ्यानं त्याला सांगितलं, आमच्याकडे पवित्र भाकरीचं खरंच मांस झालंय, बघायला या. बरोबरचे लोक आतुर झाले. ह्यू गेला नाही. ज्यांची श्रद्धा कमी त्यांना असल्या खुणा लखलाभ, अशा अर्थाचं बोलला. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात जाऊन तो रोग्यांचे पाय धुवायचा, ज्यांच्या चेहऱ्यावर ओठ कुठे नि गाल कुठे कळत नाही त्यांची चुंबनं घ्यायचा. त्याच्या कॅथेड्रलमधल्या एका विद्वानानं त्याला टोकलं, संत मार्टिननं चुंबन घेतलं तर कुष्ठरोगी बरा झाला होता, तुमच्यानं काय झालं? ह्यू म्हणाला, मार्टिनच्या चुंबनानं रोग्याचं शरीर बरं झालं. रोग्याच्या चुंबनानं माझा आत्मा बरा झालाय. रस्त्यात प्रेत दिसलं की जेवायला थांबलेल्या राजालाही ताटकळत ठेवून तो आधी पुरायचा. मुलांना दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार, देताना बाकी बिशप घोड्यावरूनच हात लावून पुढे जात. हा प्रत्येक वेळी खाली उतरायचा. म्हातारपणीसुद्धा.

म्हणून नॉर्थॅम्प्टनची गोष्ट मला त्याच्या सगळ्या गोष्टींमध्ये मोठी वाटते, आणि तीच सगळ्यात कमी सांगितली जाते. ११९०च्या मार्चमध्ये, रिचर्डच्या धर्मयुद्धाच्या तयारीच्या दिवसांत, इंग्लंडच्या पूर्व भागात ज्यूंवर जमाव तुटून पडले. यॉर्कला किल्ल्याच्या बुरुजात दीडशेच्या आसपास माणसं मेली, आणि लगेच जमावानं चर्चमध्ये ठेवलेले कर्जाचे कागद जाळले. त्या दंगलींमागे काय होतं ते यावरून पुरेसं कळतं. लिंकनचे ज्यू किल्ल्यात शिरून वाचले. स्टॅमफर्डच्या जत्रेत लूट झाली, आणि तिथून जॉन नावाचा एक तरुण लुटीची पिशवी घेऊन नॉर्थॅम्प्टनला पोचला. ज्याच्याकडे त्यानं पैसे ठेवायला दिले त्यानंच रात्री त्याचा मुडदा पाडून गावाबाहेर टाकला. आता पुढचं. कुणा म्हातारीला स्वप्न पडलं. कुणाला प्रकाश दिसला. ज्यूंविरुद्ध लढलेला वीर, म्हणजे हुतात्माच! कबरीवर मेणबत्त्या लागल्या, रात्ररात्र जागरणं होऊ लागली, लांबून लोक नवस बोलायला आले. न्यूबर्गचा विल्यम या इतिहासकारानं त्याच काळात लिहून ठेवलंय की शहाणे लोक हसत होते आणि तिथल्या धर्मगुरूंना हे बरंच वाटत होतं, कारण दानपेटी भरत होती. नॉर्थॅम्प्टन ह्यूच्या हद्दीत. तो आला, आणि चिडलेल्या भाविकांच्या गर्दीतून आत शिरून त्यानं कबरीवरची सगळी सजावट उतरवली, आणि इथे पूजा करील तो बहिष्कृत, असं जाहीर केलं. लिंकनमध्ये, लिंकनशरमधल्याच हॉलंड नावाच्या भागात, नॉर्थॅम्प्टनमध्ये तो उपसलेल्या तलवारींसमोर निःशस्त्र उभा राहिला असं अॅडम सांगतो.

परधर्मीयांविरुद्ध रचलेल्या आपल्याच माणसांच्या दंतकथेला आपल्याच देवळात जाऊन हात घालायचा. कुष्ठरोग्याचं चुंबन घेण्याइतकंच धाडस लागत असणार त्याला, कदाचित जास्त. रोगी निदान आभार मानतो.

ह्यू १६ नोव्हेंबर १२०० रोजी लंडनमध्ये वारला, जमिनीवर क्रुसाच्या आकारात पसरलेल्या राखेवर. त्या वर्षीच्या ईस्टरला तो स्टोला शेवटचा गेला तेव्हा हंस काही केल्या जवळ येईना. लव्हाळ्यात मान टाकून बसला होता म्हणे. पार्थिव लिंकनला पोचलं तेव्हा योगायोगानं दोन राजे गावात होते, इंग्लंडचा जॉन आणि स्कॉटलंडचा विल्यम. तिरडीला जॉननं खांदा दिला, आणि विल्यम एका बाजूला उभा राहून रडत होता. आणि शहरातले ज्यू रडत रडत मिरवणुकीबरोबर चालले, हा थोर देवाचा खरा सेवक होता, असं म्हणत. चरित्रकार आपल्या संताची थोरवी वाढवून सांगतात, मान्य. पण एका ख्रिस्ती संताच्या थोरवीसाठी ज्यूंची साक्ष काढावीशी अॅडमला वाटली, यालाच मी धरून बसते. १२२०मध्ये पोपनं ह्यूला संत म्हणून जाहीर केलं. त्यासाठी चमत्कारांची चौकशी आणि मोजदाद झालीच.

आणि मग १२५५.

त्या उन्हाळ्यात लिंकनचा ह्यू नावाचा मुलगा हरवला आणि महिन्याभरानं विहिरीत त्याचं प्रेत सापडलं. कसा मेला, कुणालाच ठाऊक नाही. पण गोष्ट तयारच होती, इंग्लंडमध्ये याआधीही इतर गावी वापरून झालेली: ज्यूंनी विधी करून मारला. कोपिन नावाच्या एका ज्यू माणसाला, कबूल केलंस तर जीव वाचेल असं सांगून कबुलीजबाब घेतला गेला. राजा तिसरा हेन्री जातीनं लिंकनला आला आणि ते वचन मोडून त्यानं कोपिनला घोड्याला बांधून फरफटत नेऊन फाशी दिलं. नव्वदएक ज्यू पकडून लंडनला नेले. नोव्हेंबरात त्यांतल्या अठरा जणांना फाशी झाली. मेलेल्यांची मालमत्ता राजाकडे. आणि कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी मुलाचं प्रेत मागून घेतलं, वाजतगाजत टेकडीवर आणलं आणि आत पुरलं. नवस सुरू. दानपेटी सुरू. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्याच्या अंत्ययात्रेत ज्यू रडले त्याच्या घरात, त्याच्याच नावानं, जे त्यानं नॉर्थॅम्प्टनला उखडलं होतं तेच रुजलं. या वेळी आत शिरून थांबवणारा बिशप नव्हता.

१२८०मध्ये मोठ्या ह्यूचं पार्थिव नव्या, देवदूतांच्या शिल्पांनी सजवलेल्या भागात हलवलं तेव्हा पहिला एडवर्ड राजा हजर होता. त्याच एडवर्डनं दहा वर्षांनी सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं, आणि लहान ह्यूच्या कबरीवरचं नक्षीकामही त्याच्याच आश्रयानं झालं असं अभ्यासक मानतात. १५४०मध्ये आठव्या हेन्रीच्या माणसांनी संताची समाधी फोडली, २,६२१ औंस सोनं आणि ४,२८५ औंस चांदी मोजून नेली. हाडं कुठे गेली, पत्ता नाही. लहान ह्यूची कबर १७९१मध्ये उघडली तेव्हा आत ३ फूट ३ इंचांचा सांगाडा मिळाला. म्हणजे पोर खरं होतं. बिआट्रिस नावाची त्याची आई खरी होती, तिनं खरोखर दारोदार शोधलं होतं. त्या खोट्या गोष्टीत तेवढंच खरं, आणि त्याच्यासाठी मला वाईट वाटतं तेव्हा शेजारच्या अठरा जणांची नावं कुठे कोरलेली नाहीत हेही तिथेच टोचतं. १९५५मध्ये कॅथेड्रलनं त्या जागी पहिल्यांदा फलक लावला: या कथा बनावट होत्या, त्यांनी निरपराध ज्यूंचे जीव घेतले, यानं ख्रिस्ती जगाची शोभा वाढत नाही, प्रभो, आम्ही जे होतो त्याची क्षमा कर. सातशे वर्षं लागली.

माझा भाचा रात्री व्हिडिओ कॉलवर गोष्ट मागतो. हंसाची त्याला पाठ आहे. पंख आपटायचा भाग आला की तो उशीवर हात आपटतो. परवा मी त्याला म्हटलं, याच ह्यूची दुसरी सांगू? आणि नॉर्थॅम्प्टनची सांगितली, पिशवी, खून, मेणबत्त्या, सगळं. फार भीतीदायक होईल असं वाटत होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मावशी, पण ते पैसे?"

"खून करणारा पळाला ते घेऊन."

"आणि ज्यांचे होते त्यांचे?"

"त्यांना नाही मिळाले."

"ह्यूनं का नाही दिले? त्यानं त्या घरवाल्यांना दिले होते ना?"

ह्यूनं कबर साफ केली. लूट परत मिळवून दिल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं. त्याला ते पटलं नाही.